नर्सबाईंचे गोल्डफिश

अलिबागकडच्या बाईला मासळी ओळखायला शिकवावे लागत नाही. कल्ले लाल आहेत का, डोळा चमकतो का, हे आईचा पदर धरून बाजारात हिंडतानाच कळते. खवले खरवडायचे, हळद-मीठ लावायचे, एवढाच माझा माशांशी संबंध. काचेपलीकडचा जिवंत मासा पाहिला तो शाळेच्या सहलीत, मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. तेव्हा साठी उलटल्यावर मनाम्यात बसून माशांची शुश्रूषा करावी लागेल असे कुणी म्हटले असते, तर मी हसलेच असते.

१९८५ साली मी नर्स म्हणून बहरैनला आले. सौदीकडे जाणारा समुद्रावरचा पूल त्यानंतर वर्षाने सुरू झाला. आता निवृत्त होऊन मुलाकडे असते. गेल्या जुलैत नातीच्या सातव्या वाढदिवसाला कुणीतरी काचेचा गोल वाडगा आणि तीन गोल्डफिश भेट दिले. सूनबाई नोकरीला, नात शाळेला सुट्टी म्हणून दिवसभर माझ्या गळ्यात. साहजिकच मासेही माझ्याच गळ्यात आले.

चौथ्या दिवशी तिघेही पाण्याच्या वर येऊन आ वासू लागले. भूक लागली असेल म्हणून मी आणखी खाऊ घातला. पाणी गढूळ झाले. मग माझ्यातली नर्स जागी झाली! रोज सकाळी वाडगा साबणाने घासायचा, सगळे पाणी फेकायचे, नळाचे ताजे पाणी भरायचे. मुलाने चाळीस लिटरची टाकी आणि फिल्टर आणला, तर त्यातला स्पंजही मी रोज नळाखाली पिळून पांढरा करीत असे. वॉर्डात चाळीस वर्षांत माझ्या ट्रॉलीवर कुणी डाग दाखवला नाही, तो टाकीत कसा चालेल?

आठवड्याने एकाच्या शेपटीवर रव्यासारखे पांढरे कण दिसले. दुकानातून निळे औषध आणले, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे थेंब मोजून घातले. दुसऱ्या दिवशी कण तसेच, म्हणून पुन्हा घातले. तो मासा गेला. दुसऱ्याचे पोट फुगले, खवले उभे राहिले. आमच्या किनाऱ्यावर सुरूची बोंडे पडलेली असतात ना, अगदी तसा तो दिसू लागला. अंगात पाणी साठलेले रोगी मी पुष्कळ पाहिले आहेत, मला समजले. तोही गेला. नात म्हणाली, "आजी, तू तर नर्स आहेस ना? मग ते का मेले?" मी म्हटले, "आजारीच होते ग ते." आणि विषय बदलला. ते खोटे मला रात्रभर टोचत राहिले.

तिसऱ्यासाठी मी दुसऱ्या दुकानात गेले. दुकानदार कोळिकोडचा मल्याळी, वयाने माझ्या मुलाएवढा. त्याने औषधाचे नाव काढले नाही. विचारले, "अम्मा, पाणी तपासले का?" मी बाटलीत नेलेल्या पाण्यात त्याने थेंब टाकले. पिवळे राहायला हवे होते ते हिरवेगार झाले. अमोनिया!

मासा आपल्या कल्ल्यांतून अमोनिया टाकतो आणि त्याच पाण्यात श्वास घेतो. स्पंजात हळूहळू काही जंतू वस्ती करतात. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी त्याचे नायट्रेट, जे बरेच निरुपद्रवी असते. ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. आणि मी ती रोज क्लोरीनच्या पाण्याने धुऊन काढीत होते! जन्मभर जंतू मारण्याचा पगार घेतलेल्या बाईला हे उभ्या उभ्या ऐकावे लागले. पांढऱ्या कणांचेही तसेच. ते परोपजीवी कातडीखाली असतात तोवर औषध त्यांना पोचत नाही. गळून पडून त्यांची पिल्ले पाण्यात पोहू लागली की मगच मरतात. म्हणून औषध ठरलेल्या दिवसांनी पुन्हा द्यायचे, घाईने दुप्पट नव्हे.

त्यात आमचा उन्हाळा. वीस अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसातच. ते आ वासणे भुकेचे नव्हतेच.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला फ्लॉरेन्स नाइटिंगेल शिकवली होती. १८५९ च्या आपल्या पुस्तकात तिने घराच्या आरोग्यासाठी शुद्ध हवा, शुद्ध पाणी, निचरा, स्वच्छता आणि उजेड मागितला आहे. मी त्यातली स्वच्छता तेवढी घट्ट धरली. निचरा विसरले.

असो. मग रोज फक्त पाव टाकी पाणी बदलू लागले. जुलैत इथे गच्चीवरच्या टाकीचे पाणी चटका बसेल इतके तापते, म्हणून आम्ही गिझर बंद ठेवून त्यातलेच पाणी गार म्हणून वापरतो. माशालाही तेच, क्लोरीन मारणारे थेंब घालून. खाऊ चिमूटभर. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच दाबायचा. हिरवा रंग उतरायला पाच आठवडे लागले. तेवढे दिवस मी सकाळी उठल्याबरोबर चहाआधी टाकीपाशी जात असे.

जिलेबी, म्हणजे तिसरा मासा, जगला. शेपटीला एक खाच राहिली आहे. त्या दिवशी मी नातीला जवळ घेऊन सांगितले, की पहिले दोन आजारी पडले ते माझ्या हाताने. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सॉरी म्हटलंस का त्यांना?"

परवा पाहुणे यायचे होते. आवराआवरीत मी सवयीने स्पंज घेऊन नळ सोडला. तिने स्टुलावर चढून तो बंद केला.