हळदीची पेवं

‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण सगळेच वापरतो. पण पेव म्हणजे नेमकं काय, हे शहरात वाढलेल्या किती जणांनी पाहिलं असेल? त्यासाठी सांगलीला लागूनच असलेल्या हरिपूरला जायला हवं. कृष्णा-वारणेचा संगम, काठावर संगमेश्वराचं देऊळ आणि ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवलांचं हे गाव. भाविक संगमेश्वरासाठी येतात, नाट्यवेडे देवलांसाठी. हळदीचे व्यापारी मात्र यायचे ते इथल्या जमिनीसाठी!

इथली माती घट्ट, सहसा ओल आत येऊ न देणारी. तिच्यात खोल खड्डा खणायचा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र रांजणासारखं फुगीर. आत पाल्या-गवताचं अस्तर लावून शिजवून वाळवलेली हळकुंडं ओतायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आतला प्राणवायू हळूहळू संपतो आणि किडे तग धरत नाहीत. ना औषधाची फवारणी, ना विजेचं बिल, आणि हळद काही वर्षं जशीच्या तशी! पेव उघडल्यावर लगेच आत उतरणं मात्र जिवाशी खेळ. म्हणून तोंड बराच वेळ मोकळं ठेवून आधी कंदील सोडायचा. तो विझला, तर थांबायचं.

एवढा जीव जिच्यासाठी धोक्यात घालायचा, ती खरंच गुणाची आहे का? जखमेवर हळद दाबणं आपल्याकडे आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना ठाऊक. तरीही १९९५ साली अमेरिकेत याच गुणाचं पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरनं जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवून ते आव्हानलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं.

हळदीतलं मुख्य द्रव्य कुर्क्युमिन. ते दाह कमी करतं असं प्रयोगांत दिसलं आहे. पण हळदीत ते शेकडा तीनच्या आसपास, आणि पोटातून रक्तात फारच थोडं उतरतं. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांना १९९८ साली आढळलं, की सोबत मिऱ्यातलं पायपरीन दिलं तर हे शोषण कितीतरी पटींनी वाढतं. तेल-तुपातही ते विरघळतं. म्हणजे तेलाच्या फोडणीत हळद आणि मसाल्यात मिरी हा आपला रोजचा स्वयंपाक काही वेडेपणाचा नाही.

हल्ली मात्र पेव फुटलं आहे ते हळदीच्या गोळ्यांचं. जेवणातली चिमूटभर हळद वेगळी आणि रोजचा भारी डोस वेगळा. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याचे रुग्ण परदेशात नोंदले गेले आहेत. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत.

त्याहून मोठी काळजी रंगाची. हळद जितकी पिवळीधमक तितकी चांगली, असं आपणच ठरवून टाकलं आहे; मग व्यापारातले काही जण तिला लेड क्रोमेट चोपडतात. हे शिशाचं संयुग. बांगलादेशात असा रंग दिल्याचं २०१९ मध्ये उजेडात आलं, आणि भारतातल्या काही शहरांतल्या हळदीतही शिसं सापडलं आहे. मुलांच्या मेंदूला शिसं फार घातक. म्हणून शक्य तर हळकुंडं घ्यावीत, मोडून पाहावीत आणि घरी किंवा ओळखीच्या गिरणीत दळून आणावीत. अस्सल हळकुंड वरून काहीसं मळकट असतं. खरा केशरी-पिवळा रंग आत दिसतो.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी हरिपूरच्या पेवांत शिरलं, बरीचशी निकामी झाली. साठवण आता गोदामांकडे आणि शीतगृहांकडे गेली आहे. सांगलीला जायचंच तर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास जा. तेव्हा मार्केट यार्डात हळदीचे सौदे रंगलेले असतात. हरिपुरात मात्र पेव कुठे आहे, हे एखाद्या जुन्या माणसालाच विचारावं लागेल.