फ्यूज बॅटरीपाशीच

आज दिंडीच्या पिकअपला इन्व्हर्टर बसवला. १२ व्होल्टवर १००० वॉट काढायचे म्हणजे ८३ अँपिअर. इन्व्हर्टरमधली घट धरली की शंभराच्या आसपास. म्हणून ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घेतली, थिंबल घट्ट दाबले, पत्र्यातल्या भोकाला रबरी ग्रोमेट बसवला. फ्यूज मात्र बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच हवा, यावर मी अडूनच बसलो. तो इन्व्हर्टरजवळ लावला आणि मधली केबल पत्र्याला घासून सोलली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतत राहते. मिनिटभरात आग. मागे माणसं झोपणार आहेत! प्लस आधी जोडला, मायनस शेवटी. इंजिन बंद असताना फक्त मोबाइल आणि एलईडी दिवे, नाहीतर पहाटे गाडी सुरू व्हायची नाही, असं ड्रायव्हरकाकांना दोनदा सांगितलं.