घर शाकारताना

वैशाख अर्धा सरला की दिल्लीतील आमच्या बिऱ्हाडी गावाहून एक फोन ठरलेला असतो. आई प्रथम क्षेमकुशल विचारते, मग येथल्या उन्हाची चौकशी करते आणि किंचित थांबून म्हणते, "घर शाकारायला हवं रे यंदा." परमुलखात नोकरी आणि गावी कौलारू घर असा ज्यांचा प्रपंच दोन ठिकाणी वाटला गेला आहे, त्यांना या वाक्याची ओळख निराळी करून द्यावयास नको.

दिल्लीच्या मित्रांना मात्र त्याचा अर्थ समजावून सांगणे मला आजवर साधलेले नाही. छप्पर म्हणजे गच्ची, आणि गच्ची म्हणजे हिवाळ्यात ऊन खाण्याची व रजया वाळविण्याची जागा, अशी त्यांची समजूत. येथे वर्षाकाठी पाऊणशे सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या दापोली तालुक्यात तो तीनशे सेंटिमीटरच्या वर जातो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. तेथे छप्पर हे घराचे सर्वस्व असते. भिंतीला तडा गेला तर माणूस दोन वर्षे तो पाहत बसू शकतो. एक कौल सरकले तर त्याच रात्री अंथरूण हलवावे लागते.

आमच्या घरावर मंगलोरी कौले आहेत. 1865 साली बासेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला आणि पुढे त्या घाटाची कौले साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. आजोबांनी आणलेली कौले गलबतातून हर्णै बंदरात उतरली, असे घरात सांगतात. प्रत्येक कौलाच्या पाठीवर कारखान्याची मुद्रा उमटवलेली आहे. लहानपणी शाकारणीच्या दिवशी उतरवलेली कौले हातोहात देण्याच्या रांगेत आम्हा मुलांनाही उभे करीत, तेव्हा ती अक्षरे बोटांनी चाचपून पाहण्याचा मला छंद होता. वर चढलेला माणूस प्रत्येक कौलावर बोटाच्या पेराने टिचकी मारी. खणखणीत वाजले तर ते पुन्हा चढे, बद्द वाजले तर बाजूला पडे. वडील खाली अंगणात उभे राहून हे सर्व पाहत. ते काही बोलत नसत. पण ते उभे आहेत ही गोष्ट वरच्याला ठाऊक असे. त्या उभे राहण्याची किंमत मला फार उशिरा कळली.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या त्या वाऱ्याने आमच्या दापोली-मंडणगडच्या बाजूलाही नारळी-पोफळी आडव्या केल्या. फोन बंद, वीज बंद. चौथ्या दिवशी कोणाच्या तरी फोनवरून आईचा आवाज ऐकू आला. "मी बरी आहे. मागची पाखी उघडी पडलीय. पुढचीही कौलं हललीत." तो टाळेबंदीचा काळ. माझी वृद्ध आई उघड्या छपराखाली, मृगाचा पाऊस डोक्यावर, आणि मी दिल्लीत.

मी केंद्र सरकारच्या हिशेब खात्यातला माणूस. अनेक वर्षे निविदा तपासण्यात गेली. तेव्हा घरचे कामही मी रीतसर केले. चुलतभावाकरवी तीन दर मागविले. पहिला 1,20,000 रुपयांचा, दुसरा 1,50,000 चा आणि तिसरा 1,75,000 चा. पहिला दर छापील कागदावर, सुबक टंकलिखित, एका ओळीत होता: 'संपूर्ण छप्पर दुरुस्ती, सामानासह.' हा कंत्राटदार चार दिवसांत काम सुरू करण्यास तयार होता. तिसरा दर होता आमच्या गावातल्या तात्यांचा. त्यांच्याच वडिलांनी माझ्या वडिलांच्या वेळी घर शाकारले होते. त्यांनी वहीच्या पानावर पेन्सिलीने लिहून दिले होते: वासे नऊ बदलावे लागतील, रिपा एवढ्या, नवी कौले सुमारे पाचशे, जुनी दीड हजार चालतील, वळचणीला तार. शिवाय, हातात दोन घरे असल्यामुळे तीन आठवडे येता येणार नाही, तोवर ताडपत्री बांधून देतो, असे सांगितले होते.

आई म्हणाली, "तात्या माळ्यावर तासभर बसून होते. एकेक वासा टोचून पाहिला त्यांनी." त्यावर मी तिला समजावले, की भावनेने व्यवहार होत नसतात. ज्याचा दर सर्वांत कमी, ज्याला आमच्या भाषेत 'एल-वन' म्हणतात, त्याला मी काम दिले आणि निम्मी रक्कम आगाऊ धाडली. कार्यालयात असा एका ओळीचा दर माझ्यापुढे आला असता तर तपशील नसल्याबद्दल मी तो परत पाठविला असता. त्या एका ओळीत वासा नव्हता, रीप नव्हती, पत्र्याची जाडी नव्हती. पण घरच्या कामात माणूस आपलीच विद्या विसरतो.

काम नऊ दिवसांत झाले. पुढच्या पाखीवर कौले आली आणि मागच्या बाजूला पत्रे चढले. मला छायाचित्रे आली. लांबून घेतलेली, स्वच्छ उन्हातली. मी समाधानाने उरलेली रक्कम पाठविली. पावसाळाभर आईला विचारीत होतो आणि ती 'छान आहे सगळं' म्हणत होती. पुढच्या वर्षी, 2021 च्या मे महिन्याच्या मध्यावर, तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून पुढे गुजरातेकडे गेले. जाता जाता त्याने मागचे चार पत्रे उचलले. कंत्राटदाराचा फोन त्या दिवसापासून लागला नाही. चुलतभावाने ताडपत्री बांधली. आई म्हणाली, "काळजी करू नकोस. भागतंय माझं."

त्या दिवाळीला मी घरी गेलो. माजघराच्या जमिनीवर जागोजागी पांढुरकी वर्तुळे उमटलेली दिसली. काही ताटाएवढी, काही तांब्याच्या बुडाएवढी. ही कसली म्हणून विचारले, तेव्हा आई उत्तर न देता फराळाचे ताट वाढू लागली. मग चुलतभावाच्या बायकोनेच सांगितले. दोन पावसाळे आईने पातेली, घंगाळे, परात मांडून काढले होते. रात्री दोनदा उठून ती भांडी रिकामी करी. वडिलांची पत्रे ठेवलेली ट्रंक तिने तीन वेळा जागा बदलून ठेवली, तरी तळाची पत्रे भिजलीच. शाई विरघळून त्यांचा एकच निळा गठ्ठा झाला होता. "तू तिथून काय करणार होतास?" एवढेच आई म्हणाली. तिच्या बोलण्यात रोष नव्हता आणि म्हणूनच मला वर पाहवेना.

दुसऱ्या दिवशी मी तात्यांच्या घरी गेलो. जाण्यास पाय धजत नव्हते. त्यांनी मागचे काही काढले नाही. पायरीवर चहा दिला आणि म्हणाले, "चला, आधी माळ्यावर जाऊ. छप्पर बाहेरून बघायचं नसतं."

माळ्यावर बसून त्यांनी जे दाखविले ते मी तोवर एकदाही पाहिले नव्हते. वासे बदललेच नव्हते. भिंतीवर जेथे वासा टेकतो तेथे त्यांनी सुरीचे टोक लावले, तर ते लोण्यात जावे तसे आत गेले. वाळवी तेथूनच चढते. नवी कौले दुसऱ्या कारखान्याची होती आणि ती जुन्यांमध्ये सरमिसळ लावली होती. प्रत्येक कारखान्याचा साचा केसभर निराळा असतो. कौलाची खाच शेजारच्या कौलात नीट बसत नाही आणि त्या फटीतून वाऱ्याबरोबर पाणी आत शिरते. नवी कौले घालायचीच तर सबंध एका पाखीवर घालावीत, आणि जुनी सगळी दुसऱ्या पाखीवर. पत्र्याचे स्क्रू उंचवट्यावर मारायचे ते घळीत मारले होते. सारे पाणी वाहायचे ते त्या भोकांवरूनच. पत्रा इतका पातळ होता, की अंगठ्याने दाबला तर दबे.

"आणि तुमची जुनी कौलं?" तात्यांनी विचारले. मी म्हणालो, मोडली असतील. ते हसले. "भाऊ, वादळात दोनतीनशे मोडली. उरलेल्यातली निम्मी टेम्पोत भरून गेली. जुन्या भाजणीच्या कौलाला गिऱ्हाईक असतं." म्हणजे काम करण्याबद्दल पैसे मी दिले होते आणि वर आजोबांची कौलेही मीच दिली होती.

सुट्टीवर येण्याआधी काही दिवस, 29 ऑक्टोबर 2021 रोजी, अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाच्या नव्या सूचना आमच्या टेबलावर आल्या होत्या. केवळ किमान दरावर काम देण्याच्या पद्धतीला मर्यादा आहेत हे ओळखून काही कामांत गुणवत्तेलाही भार देण्याची मुभा त्यांत होती. मी त्या वाचून, सही करून पुढे पाठविल्या होत्या. माळ्यावरच्या त्या अंधारात मला त्यांची आठवण झाली. आई हेच मला आदल्या वर्षी एका वाक्यात सांगत होती.

तात्यांनी पुन्हा वहीचे पान लिहून दिले. या खेपेस आकडा वाढला होता, कारण कौले विकत घ्यावी लागणार होती. शेजारच्या गावात एक जुने घर पाडून तेथे स्लॅब होणार होता. त्याच्यावर आमच्याच मुद्रेची कौले होती, ती त्यांनी मिळविली. आगाऊ रक्कम त्यांनी फक्त लाकडाची मागितली, आणि लाकूड अंगणात उतरल्यावर. पुढचे पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे ठरले. शेवटचे 20,000 रुपये मी देऊ लागलो तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. "हे आषाढात द्या. काम पास करायचं ते पावसानं. मी कोण आणि तुम्ही कोण?" ज्याला आम्ही सुरक्षा ठेव म्हणतो आणि कंत्राटदाराच्या देयकातून कापून घेतो, ती हा मनुष्य आपण होऊन ठेवीत होता.

माझ्यासारखे जे दूर आहेत त्यांच्यासाठी या अनुभवाचे सार सांगतो. छपराचे काम करणारा प्रथम कोठे जातो ते पाहावे. अंगणातून वर पाहून जो दर सांगतो, त्याला छप्पर दिसलेलेच नसते. जो माळ्यावर जातो, लाकूड टोचतो आणि काय बदलण्याची गरज नाही तेही सांगतो, त्याचे ऐकावे. त्याच्याकडून वासे, रिपा, कौले, पत्र्याची जाडी असा तपशील लिहून घ्यावा. पेन्सिलीने लिहिला तरी चालेल. मंगलोरी कौले चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात, एवढे ठाऊक असले तरी हिशेब घरबसल्या ताडून पाहता येतो. उतरवलेले सामान कोणाचे, हे आधी बोलून घ्यावे. त्याने दोन पावसाळ्यांपूर्वी केलेले एखादे घर विचारावे आणि आपल्या माणसाला भर पावसात तेथे पाठवावे. उन्हातल्या छायाचित्रांवर विश्वास ठेवू नये. सर्व पैसे पावसाआधी देऊ नयेत. वादळानंतर चार दिवसांत येतो म्हणणाऱ्यापेक्षा आज ताडपत्री बांधून तीन आठवड्यांनी येणारा पुष्कळदा बरा, कारण त्याला काम आहे याचा अर्थ लोकांनी त्याला पुन्हा बोलावले आहे. आणि तो गावातलाच असावा. ज्याला आपल्या घरावरून रोज जावे लागते, तो आपले घर गळू देताना दहा वेळा विचार करतो.

या साऱ्याच्या आधी आणखी एक गोष्ट आहे. त्या छपराखाली जे राहतात त्यांचे मत प्रथम घ्यावे. मी तीन दर मागविले, पण चौथे मत, जे फुकट आणि जाणतेपणाचे होते, ते भावनेचे म्हणून बाजूला सारले. वडील अंगणात उभे राहत तसे मला उभे राहता येत नव्हते हे खरे. पण माझ्या जागी आई उभी होती आणि मी तिला पाहिले नाही.

2022 च्या जूनमध्ये एका रात्री उशिरा आईचा फोन आला. मी दचकून उठलो. ती म्हणाली, "काही नाही रे, ऐक." तिने फोन पडवीच्या कडेला धरला असावा. वळचणीवरून पागोळ्या पडत होत्या, सलग, एका लयीत. आणि घरात कोठे पातेल्यावर थेंब पडल्याचा आवाज नव्हता. मी बराच वेळ तसाच ऐकत बसलो. मग आई म्हणाली, "तात्यांचे वीस हजार पाठव उद्या." दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाण्यापूर्वी मी ते पाठविले.