दिवेलागणीचा संकल्प

२०२४ च्या डिसेंबर महिन्याच्या अखेरीस मी दिव्याहून सावंतवाडीला जाणाऱ्या गाडीत बसलो, तेव्हा माझ्या पिशवीत दोन वस्तू होत्या. एक, नव्या वर्षाची कोरी दैनंदिनी. दुसरी, रक्ततपासणीचा अहवाल. पहिली मी हौसेने घेतली होती. दुसरी घरच्यांनी आग्रहाने पिशवीत ठेवली होती. गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेचा सरासरी अंदाज देणाऱ्या ‘एचबीए१सी’ या चाचणीत माझा आकडा ६.१ आला होता. आदल्या वर्षीही तो जवळपास तेवढाच होता. ५.७ ते ६.४ हा पट्टा मधुमेहाच्या उंबरठ्याचा मानतात. म्हणजे मी दोन वर्षे उंबरठ्यावर उभा होतो, आणि दोन्ही वर्षांच्या १ जानेवारीला दैनंदिनीच्या पहिल्या पानावर ‘नियमित व्यायाम, मित आहार, लवकर निजणे’ असे ठळक अक्षरांत लिहून मोकळा झालो होतो. माझ्या अनुभवाने या संकल्पांचे आयुष्य साधारणपणे संक्रांतीपर्यंतचे. तिळगूळ आला की ते विरघळत.

वैभववाडी मागे पडली आणि सायंकाळच्या सुमारास गाडी नांदगाव रोड स्थानकावर थांबली. हे आमचे मूळ गाव. कणकवली तालुक्यातील नांदगाव मुंबई–गोवा महामार्गावरील प्रवाशांच्या स्मरणात राहते ते तिठ्यामुळे. येथून पश्चिमेला फुटणारा रस्ता शिरगाव, तळेबाजार, जामसंडे असा जात देवगडच्या किनाऱ्याला मिळतो. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गाने सुरू झाली. त्याआधी आम्ही एस.टी.ने येत असू. तिठ्यावर उतरायचे आणि डोक्यावर ट्रंक, हातात पिशव्या घेऊन वाडीपर्यंत चालायचे. वडील पुढे, आम्ही मुले मागे. त्या चालण्याला कोणी व्यायाम म्हटले नाही, कारण घरी पोहोचण्याचा दुसरा मार्गच नव्हता.

आता स्थानकाबाहेर रिक्षा उभी असते. मीही तिच्यात बसलो. घराच्या खळ्याशी उतरताना मनात आले की गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आमच्या अंगवळणी पडलेले बहुतेक बदल आम्ही ठरवून केलेले नाहीत. चालणे सोडण्याचा संकल्प कोणी केला नव्हता. रस्ता आला, वाहन आले आणि चालणे आपोआप सुटले. जात्याची जागा गिरणीने घेतली, विहिरीच्या रहाटाची पंपाने. कष्ट कमी झाले हे चांगलेच झाले. घरातल्या बायकांच्या खांद्यांना तर ते फार आधी मिळायला हवे होते. मात्र ताटातला भात तेवढाच राहिला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीत वीस वर्षांवरील लोकांमध्ये मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, आमच्या शेजारच्या गोव्यात आढळले. संपूर्ण देशाचे प्रमाण ११.४ टक्के होते. समुद्राची हवा आणि नारळीची सावली माणसाला आपोआप निरोगी ठेवतात, असा भ्रम बाळगण्याचे कारण उरलेले नाही.

आमच्या घरात तर तो केव्हाच फिटला होता. माझे थोरले चुलतभाऊ, ज्यांना मी दादा म्हणतो, गावीच राहून शेती आणि कलमांची बाग सांभाळतात. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. आदल्या पावसाळ्यात बागेत अनवाणी काम करताना त्यांच्या पायात काटा मोडला. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होऊ लागतात. तसे त्यांचे झाले होते. काटा त्यांना कळलाच नाही. कळले ते आठवड्याने, वहिनींना वास आला तेव्हा. तोवर जखम हाडापर्यंत गेली होती. अखेर पायाची करंगळी काढावी लागली. ‘करंगळीवर निभावले’ असे सगळे म्हणत होते. मी मात्र त्यांना पाहायला येण्याचे सहा महिने टाळले. त्यांच्या पायाकडे पाहिले तर आपला अहवाल वाचावा लागेल, असे काहीसे वाटत असावे.

मी पोहोचलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. कलमांना कोठे कोठे मोहोर फुटला होता, हवेत त्याचा वास होता. वहिनींनी देवापाशी दिवा लावला, मग खळ्यातल्या तुळशीपुढे पणती ठेवली. मी हातपाय धुऊन ओटीवर टेकलो. इतक्यात दादा आतून आले. त्यांच्या हातात दाढीचा छोटा आरसा होता. माझी विचारपूस करीत करीतच ते पाटावर बसले, एक पाय दुसऱ्या मांडीवर घेतला, तळव्याखाली आरसा धरला आणि टाचेपासून बोटांच्या बेचक्यांपर्यंत सावकाश पाहिले. मग दुसरा पाय. जेथे करंगळी नव्हती तेथेही तितक्याच शांतपणे पाहिले. बोटांच्या मधली जागा फडक्याने कोरडी केली, घरात घालायच्या चपला चढवल्या आणि आरसा खुंटीला अडकवला. सारे मिळून चार-पाच मिनिटांचे काम.

मी विचारले, “रोज करता?”

“इस्पितळातना इल्यापासना एक दिस चुकाक नाय,” ते म्हणाले. नियमांना कंटाळणारा, औषधाच्या वेळा चुकवणारा हा माणूस एवढे कसे लक्षात ठेवतो, हे मला उमगेना. तसे मी बोलूनही दाखवले. ते हसले. “दिवो लागलो की पाय बघूचे. येगळा काय लक्षात ठेवूक लागना नाय.”

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. आपल्याकडे पूजेच्या आरंभी यजमान हातात पाणी घेऊन संकल्प सोडतो, तो आठवत होता. त्या संकल्पात काय काय असते? शके, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. मग आपण कोणत्या देशी, कोणत्या स्थळी बसलो आहोत. मग गोत्र आणि नाव. आणि या सर्वांनंतर काय करणार आहोत ते. देश आणि काळ यांचा उच्चार झाल्याखेरीज संकल्प पुरा होत नाही. माझ्या दैनंदिनीतील वाक्यांना ना देश होता ना काळ. ‘नियमित व्यायाम’ म्हणजे कधी, कोठे, कशाच्या नंतर? त्या केवळ इच्छा होत्या. मी त्यांना संकल्प म्हणत होतो. दादांच्या संकल्पाला मात्र वेळ होती दिवेलागणीची आणि जागा होती ओटीवरच्या पाटाची. तो त्यांनी अशा गोष्टीला बांधला होता, जी त्या घरात पिढ्यानुपिढ्या एकही दिवस चुकलेली नाही.

परतल्यावर वाचन केले तेव्हा मानसशास्त्रातही हेच दिसले. पीटर गोल्वित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली मांडले की ‘मी अमुक करीन’ या निश्चयापेक्षा ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ अशा बांधणीचा निश्चय कितीतरी अधिक वेळा पार पडतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजच्या एखाद्या प्रसंगाला जोडून एक नवी कृती करायला सांगितली आणि बारा आठवडे त्यांची नोंद ठेवली. कृती अंगवळणी पडायला मध्यम मानाने ६६ दिवस लागले. मात्र काहींना १८ दिवस पुरले, तर काहींच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मला दिलासा वाटला तो त्यांच्या आणखी एका निरीक्षणाचा: एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही. आमच्यासारखे लोक एक दिवस चुकला की पुढचे वर्षच सोडून देतात.

परंतु हे वाचन नंतरचे. नांदगावात १ जानेवारीच्या सकाळी निघताना दादांनी देवापुढे नारळ ठेवला. आमच्या भागात कोणत्याही शुभकार्याच्या वा प्रवासाच्या आरंभी देवाला गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे. घरातला वडीलधारा मोठ्याने मागणे मांडतो आणि जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा देतात. आदल्या रात्री मी दादांना माझा अहवाल दाखवला होता आणि जेवणानंतर वीस मिनिटे चालण्याचा विचार सांगितला होता. एवढे एकच, दैनंदिनीतील बाकीची यादी मी खोडून टाकली होती. दादांनी हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो झील डोंबिवलीक रवता. जेवलो काय टीव्हीसमोर बसता. आजपासना जेवल्यार उठान ईस मिनिटां चालांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” वहिनी, पुतण्या, सून आणि नारळावर डोळा ठेवून उभी असलेली नातवंडे एका सुरात ओरडली. मला हसू आले आणि त्याच वेळी घसाही दाटला. माझे गुपित आता माझे राहिले नव्हते. गाऱ्हाण्यात मागणाऱ्याला एकटे सोडत नाहीत; त्याच्या मागण्याला सारे घर होकार भरते.

डोंबिवलीत रात्रीच्या जेवणानंतर हात धुतले की तसेच चपला घालून खाली उतरायचे, असा क्रम मी ठरवला. त्यासाठी चपलांची जागा बदलली. त्या हात धुण्याच्या बेसिनजवळच्या दाराशी आणल्या. पत्नी सुरुवातीला सोबत येत नसे, दुसऱ्या आठवड्यापासून येऊ लागली. दर रविवारी नांदगावहून फोन येई. पहिला प्रश्न वहिनींचा असे, जेवण काय केले. दुसरा दादांचा, चाललास का. मीही विचारी, पाय पाहिलेत का. १ जानेवारी ते गुढीपाडवा, म्हणजे ३० मार्च, या ८९ दिवसांत माझे सतरा दिवस चुकले. लग्नसराई, सर्दी, एकदा निव्वळ आळस. तरीही पाडव्याला कडुलिंबाचे पान चावताना पहिल्यांदाच असे झाले की नववर्षाचा संकल्प जिवंत होता.

तेव्हा ध्यानात आले की आपल्याला दोन नववर्षे लाभली आहेत, ही मोठी सोय आहे. १ जानेवारी आणि पाडवा यांत अडीच ते साडेतीन महिन्यांचे अंतर असते. सवय रुजायला लागणारा मध्यम काळ त्यात बसतो आणि ‘एचबीए१सी’चा आकडा बदलला की नाही हे कळण्याइतका अवधीही. पहिल्या नववर्षाला पेरावे, दुसऱ्याला उगवले का ते पाहावे. एप्रिलमध्ये माझा आकडा ५.८ आला. डॉक्टरांनी सांगितले की दिशा बरी आहे, पण उंबरठा अजून ओलांडलेला नाही. एका तपासणीवर विसंबू नका आणि चालणे सोडू नका. जुलैच्या पावसात ते जवळजवळ सुटलेच होते. तेव्हा इमारतीच्या जिन्यापाशी येरझारा घालून कसाबसा धागा धरून ठेवला.

वाचकांपैकी कोणी या वर्षी काही ठरवणार असतील, तर माझ्या तुटपुंज्या अनुभवावरून एवढेच सांगावेसे वाटते: एकच गोष्ट निवडावी, ती घरात न चुकता घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला जोडावी, आणि घरच्यांसमोर मोठ्याने बोलून दाखवावी. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी चालण्याची वेळ आणि प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. आणि ज्यांच्या घरात मधुमेही व्यक्ती आहे, त्यांनी दिवेलागणीला एक आरसा तिच्या हाती द्यावा. नजर अधू असेल तर तिचे तळवे आपण पाहावेत. चीर, फोड, लाली किंवा सूज दिसली तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत.

२०२६ चा पाडवा १९ मार्चला, १ जानेवारीपासून ७८ व्या दिवशी येतो. हा डिसेंबर संपताना मी पुन्हा नांदगावला गेलो. या वेळी स्थानकाबाहेरच्या रिक्षावाल्याला सामान घरी पोहोचवायला सांगितले आणि मी चालत निघालो. वाडीत शिरेपर्यंत अंधारून आले होते. खळ्यात पणती तेवत होती. दादा पाटावर बसले होते, आरसा तळव्याखाली होता. मला पाहून त्यांनी मान वर केली नाही, आधी दुसरा पाय पाहून घेतला, आरसा खुंटीला लावला आणि मग म्हणाले, “ये. चालत इलंस?”