जेवायला कोण कोण होतं?

हॉस्टेलवर घरून फोन आला की प्रश्न ठरलेले. अभ्यास झाला का, सबमिशन कधी, पैसे पुरतात का. माझ्या आजोबांचा प्रश्न मात्र वेगळाच : "आज जेवायला कोण कोण होतं?" मेनू नाही, नावं सांगायची!

आजोबा साताऱ्याचे, वय ८३, निवृत्त शिक्षक. या प्रश्नाचं मूळ त्यांच्या बोर्डिंगात आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळालं. तिथे आजोबा १९५५ साली दाखल झाले. सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहायची, कामं वाटून करायची आणि एकाच पंगतीत जेवायची. आपल्याला मेसमध्ये बसताना यात काही विशेष वाटत नाही, पण १९२४ साली ते केवढं धाडस असेल! आजोबा एवढंच सांगतात, "पंगतीत कोण नाही ते लगेच कळायचं."

बाबांची मात्र तक्रार आहे. "आम्हाला कधी जेवलास का म्हणून विचारलं नाही, मार्क विचारले!" यावर आजोबा हसतात. "तेव्हा मला घाई होती रे," म्हणतात. तीन मुलं, एक पगार. खरंच असणार घाई.

फर्स्ट इयरला आमच्या खोलीतला विदर्भातला मित्र मेसमध्ये यायचाच बंद झाला. घरची आठवण यायची, एम-वन सुटेल असं वाटत नव्हतं. आम्ही त्याचा डबा वर न्यायचो. चार दिवस त्याचं नाव आलं नाही तसं आजोबांनी विचारलं, "चौथा कुठाय?" सगळं ऐकून म्हणाले, "डबा वर नेऊ नका. त्याला खाली आणा." पण तो काही येईना. कॉलेज सोडायचं म्हणून बॅग भरली, रिझर्व्हेशनसुद्धा काढलं.

मग आजोबा स्वतःच सांगलीला आले. (२०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना एस.टी. फुकट आहे. त्याचा सगळ्यात जास्त फायदा आमच्याच आजोबांनी घेतला असावा!) हातात कंदी पेढ्यांचा पुडा. मला वाटलं, आता कर्मवीरांची गोष्ट सुरू होणार. पण नाही. त्याच्या कॉटवर बसून त्याच्या गावचं, शेतातल्या कापसाचं विचारत राहिले. तासाभराने म्हणाले, "मला भूक लागलीय. मेस कुठाय, दाखव." मला नाही, त्याला! आजोबांचा गुडघा दुखतो. जिना उतरताना त्याने त्यांचा हात धरला. त्या दिवशी तो तीन चपात्या जेवला. मी मोजल्या.

रिझर्व्हेशन दुसऱ्या दिवशी रद्द झालं. आज तो थर्ड इयरला आहे.

हल्ली आजोबांचा फोन आधी त्यालाच जातो. ते येत्या रविवारी सांगलीला येताहेत आणि दोन किलो भडंग आणून ठेवायला सांगितलंय, हे मला परवा त्याच्याकडूनच कळलं.