गळीत आणि गळती

वडिलांची येझदी आमच्या सोप्यात उभी असते आणि सोप्याला लागूनच देवघर आहे. त्यामुळे गाडी गळायला लागली तेव्हा पहिली हरकत आईने घेतली. "आज समई लावू की नको, तेवढं सांग," ती म्हणाली. प्रश्न रास्त होता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि दाराच्या फटीतून आत शिरते. त्याच संध्याकाळी गाडी परड्यात पेरूखाली गेली.

गाडी 1978 सालची. रुस्तम आणि फारूख इराणी यांच्या म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात चेकोस्लोव्हाकियाच्या जावा 1961 पासून बनू लागल्या, 1973 पासून गाड्यांवर येझदी हे नाव आलं आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. तेव्हापासून आजतागायत दुकानात "एकदम ओरिजिनल, कंपनीचा" पार्ट मिळतो. बंद कारखान्याचा एवढा माल कुठून येतो, हे विचारायचं मी सोडून दिलंय.

गॅरेजवाल्याने पाइप बदलला, क्लिपा नव्या लावल्या, टाकीखालच्या पेट्रोल कॉकच्या आट्यांवर सिलिकॉनचा बॉन्ड थापून दिला. आठवडाभर बरं चाललं, मग पुन्हा डाग. थेंब गियरबॉक्सच्या बुडाला लोंबकळायचा आणि तिथे तर पेट्रोलचा काही संबंध नाही. टू स्ट्रोक गाडी, लिटरमागे 40 मिली ऑइल घालतो. पेट्रोल वाटेतच उडून जातं आणि ऑइल मागे राहतं. त्या ऑइलवर रस्त्याची धूळ बसते, तिच्याखालून नवा ओघळ येतो, आणि बघणाऱ्याला सगळं इंजिनच गळतंय असं वाटतं.

शेवटी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. वडिलांपासूनची ओळख. त्यांनी गाडी आणायलाच सांगितली नाही. चहा संपवला आणि म्हणाले, "आधी नवं काय घालू नगंस. सगळं पुसून कोरडं कर, खडू घास. कॉक बंद करून रातभर ठीव. सकाळी वल्लं दिसलं तर वरचं, न्हाई दिसलं तर खालचं."

"आणि दोन्हीकडचं असलं तर?"

"मग आधी वरचं कर, आणि परत हेच कर."

कॉकपासून कार्बोरेटरच्या बुडापर्यंत पेट्रोलच्या फडक्याने पुसून घेतलं, वाळू दिलं आणि पोराच्या दप्तरातला पांढरा खडू सगळीकडे घासला. ओल लागली की खडू करडा पडतो, कोरड्या जागी पांढराच राहतो. सकाळी कॉकच्या दांडीभोवती करडं कडं दिसलं. पाइपवर आणि कार्बोरेटरवरही एक पट्टा गेला होता. म्हणजे कॉक बाहेर गळत होता आणि बंद केल्यावर आतूनही थांबत नव्हता.

कॉक खोलला. आत दांडीखाली भोकं पाडलेली कॉर्कची चकती असते. दांडी फिरली की भोकं जुळतात आणि पेट्रोल सुटतं. ही चकती कडेने भुगा होत आलेली. मिस्त्रींच्या लहानपणी असली आक्रसलेली कॉर्क पाण्यात उकळून फुगवायचे आणि परत बसवायचे. गाडी रोज चालत असेल तर पेट्रोलात भिजून ती फुगलेलीच राहते, उभ्या गाडीत वाळून आक्रसते. पण माझी नुसती वाळलेली नव्हती, नखाने दाबली की तुटत होती.

इथे मला हसू आलं. मिस्त्रींच्या मते ही इथेनॉलची करणी. 2023 च्या फेब्रुवारीत 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर आलं आणि दोनेक वर्षांत जवळपास सगळीकडे तेच मिळू लागलं. 1978 च्या गाडीतली कॉर्क, तिचं रबर, टाकीतला पत्रा यांचा विचार करून ते कुणी केलेलं नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाला बसतं आणि तिथला पत्रा गंजतो. आणि हे इथेनॉल येतं कुठून? आमच्या पंचगंगेच्या पट्ट्यातला ऊस कारखान्यात जातो, मळीपासून, रसापासून इथेनॉल निघतं. त्यात आमचाही दीड एकर आहे. बिल वेळेवर आलं तर मी इथेनॉलचा कट्टर समर्थक असतो.

नवी चकती व्हायटॉनच्या शीटमधून कापली. साधं रबर या पेट्रोलात फुगतं, व्हायटॉन टिकतं. बाहेरची कड कात्रीने जमली. भोकं मात्र वायसर पंचानेच पाडावी लागतात, कारण टोच्याने पाडलेलं भोक दाबलं की मिटतं. आट्यांवरचा बॉन्ड काढताना फुगून मऊ झालेले तुकडे हातात आले. तसलाच एक कार्बोरेटरच्या वाटीतही निघाला. सिलिकॉन पेट्रोलपुढे टिकत नाही, हे डबीवर लिहिलेलं असलं तरी गॅरेजात वाचतो कोण! त्यापेक्षा आमच्या ट्रकवाल्यांचा अंगाचा साबण बरा. टाकीला केसाएवढी चीर गेली की त्यावर ओला साबण घासतात. पेट्रोलात साबण विरघळत नाही, गाव येईपर्यंत निभतं. आणि साबणाला कुणी दुरुस्ती म्हणत नाही.

पुन्हा खडू, पुन्हा रात्र. कॉक बंद: सगळं पांढरं. मग कॉक उघडून बसलो तर पाचेक मिनिटांत कार्बोरेटरच्या टिकलरच्या बटणातून पेट्रोल वर आलं. म्हणजे खालचंही होतंच. कॉक गळत होता तोवर त्याच्याआड लपलेलं.

कार्बोरेटरच्या वाटीत पितळेचा पोकळ फ्लोट असतो. पेट्रोल भरलं की तो वर तरंगतो आणि नीडल ढकलून येणारी वाट बंद करतो. माझा फ्लोट कानाशी धरून हलवला तर आत खळखळ वाजली. पोकळ वस्तूच्या पोटातच पेट्रोल, मग ती तरंगणार कशी? परड्यात बादलीभर कढत पाणी आणलं, गॅस शेगडी लांब ठेवून. फ्लोट बुडवला आणि जोडावरून बारीक बुडबुड्यांची रांग सुटली. तिथे सुईने ओरखडा काढून खूण केली. आतलं पेट्रोल कढत पाण्याच्या उष्णतेनेच हळूहळू वाफ होऊन त्या भोकातून निघालं. त्याला वेळ लागतो, आणि घाई केली तर पुढच्या कामात विस्तवाशी गाठ आहे.

डाग द्यायचा तर कथिल कमीत कमी हवं, कारण फ्लोट जड झाला की पेट्रोलची पातळी वर चढते. म्हणून आधी गुजरीतल्या ओळखीच्या सोनाराकडे तो तोलून घेतला. डागही त्यानेच द्यावा म्हणून गळ घातली, तर त्याने दोन्ही हात वर केले. शिशाचा कण जरी सोन्यात गेला तरी सोनं ठिसूळ होतं. त्याच्या पेढीवर कथिल-शिसं चढतच नाही. डाग शेवटी मिस्त्रींनी दिला. भोक बुजत आलं की आतली तापलेली हवा फुगून वितळलेलं कथिल बाहेर फुंकते, हीच तर खरी मेख. त्यांनी फ्लोट ओल्या फडक्यात गुंडाळला, फक्त भोकाएवढी जागा उघडी ठेवली आणि तापलेली काडी टेकवून लगेच उचलली. वर कथिलाचा जो उंचवटा राहिला तो पॉलिश पेपरने घासला. पुन्हा तोलला तर फरक अर्ध्या ग्रॅमच्या आत. "चालतंय," मिस्त्री म्हणाले. पैसे विचारले तर त्यांनी जुनी कॉर्कची चकती मागून घेतली, पोरांना दाखवायला.

नीडलच्या टोकाला घासून कडं पडलं होतं, ते बदललं. त्यानंतर कॉक उघडा ठेवूनही खडू पांढराच राहिला. जोतिबाच्या घाटात पहिल्यांदा टाकी काठोकाठ भरून नेली तेव्हा वळणावर झाकणातून दोन थेंब उडाले. पण ते झाकणाच्या हवेच्या भोकातून, आणि ते भोक बुजवलं तर टाकीत हवा जाणार नाही, पेट्रोल खाली येणार नाही. तिथे कुणी बॉन्ड लावायच्या आत मी गॅरेजवाल्याला सांगून ठेवलंय.

यंदाचं गळीत सुरू झालंय, ऊसतोडीची टोळी आमच्या रानात पुढच्या आठवड्यात येणार आहे. व्हायटॉनची शीट मी जादाच घेऊन ठेवली आहे.