हल्दिया ते ग्दिनिया

हल्दियात पोलादाच्या कॉइल भरून निघालो तेव्हा जुलै महिना होता आणि हुगळी गढूळ होऊन फुगली होती. सारंगांनी, म्हणजे खलाशांच्या म्होरक्यांनी, बादलीनं पाणी वर ओढलं. मी पाण्याची घनता मोजणारा हायड्रोमीटर सोडला, काटेकोर १०००. पावसाळ्यातल्या नदीत मीठ कसलं! चीफ ऑफिसरला एवढंच हवं असतं, कारण गोड्या पाण्यात जहाज जास्त बुडतं. आमचं आठेक मीटर बुडालेलं होतं. खाऱ्या पाण्यात ते जवळजवळ वीतभर वर येणार, हे धरूनच माल भरला होता. खाली इंजिनरूमवाले मात्र वैतागलेले. गाळानं त्यांच्या गाळण्या सारख्या तुंबत होत्या.

बंगालच्या उपसागरात पाणी मातकटाचं हिरवट आणि मग निळं झालं. श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्रात शिरलो, तर मान्सूननं जहाज नुसतं घुसळून काढलं. सोकोत्राच्या बाजूला एरवी एकोणतीस-तीस दाखवणारं पाण्याचं तापमान पंचविसाच्या खाली आलं. तिथे नैर्ऋत्येचे वारे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि खालचं थंड पाणी वर येतं.

हा गारवा बाब-अल-मंदेबच्या आधीच संपला. तांबड्या समुद्रात पाणीच बत्तीस अंश. इंजिन थंड करायचं ते कशानं? बडा साब, म्हणजे चीफ इंजिनिअर, दिवसभर चिडलेला. या समुद्राला बारमाही नदी एकही नाही, पाऊस नावापुरता, आणि वर्षाकाठी साधारण दोन मीटर पाण्याची वाफ होते. म्हणून उत्तरेला किलोभर पाण्यात चाळीस ग्रॅमच्या वर मीठ. खुल्या महासागरात ते पस्तीसच्या आसपास असतं. सुएझला कालव्यातून जाणाऱ्या जहाजांच्या ताफ्याची नांगरावर वाट बघताना बादली टाकली. इतकं मीठ असूनही हायड्रोमीटर १०२८ च्या पुढे जाईना. मीठ पाण्याला जड करतं, ऊन हलकं करतं. दोघांचं हे भांडण मला फार आवडतं.

भूमध्य समुद्राचा निळा रंग बघून आमचे कॅडेट हरखले. पाणी इतकं नितळ, कारण त्यात खाद्य कमी, म्हणून शेवाळही कमी. पाण्याचा नितळपणा मोजणारी पांढरी तबकडी आन्जेलो सेक्की या पाद्री-शास्त्रज्ञानं १८६५ साली याच समुद्रात, पोपच्या जहाजावरून सोडून पाहिली होती. जिब्राल्टरला वेग घटला: वरून अटलांटिकचं हलकं पाणी आत येत होतं, आणि भूमध्याचं खारट, जड पाणी खालून बाहेर जात होतं.

डेन्मार्कच्या अरुंद वाटांतून बाल्टिकमध्ये शिरलो. ऑगस्टमधलं पाणी हिरवट, वर शेवाळाचे पिवळसर पट्टे. ग्दिनियाच्या नांगरवाड्यावर दापोलीच्या सारंगांनी बादली वर घेतली, बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाले, "साहेब, ह्याच्यात मीठ घालायचं राहिलं वाटतं!"

किलोला जेमतेम सात ग्रॅम. नद्या भरपूर, वाफ कमी, आणि बाहेरच्या समुद्राशी नातं त्या चिंचोळ्या वाटांपुरतं. हायड्रोमीटर १००४ वर थांबला. पायलट यायच्या आत मी ड्राफ्टचा, म्हणजे जहाज किती बुडालंय त्याचा, आकडा वाढवून कॅप्टनकडे दिला.